पुरणपोळीवर आलेला आळ

१९९६ सालच्या गौरी-गणपतीतली गोष्ट. राहुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर त्या वर्षी सणाची धांदल नेहमीसारखी नव्हती. एप्रिल महिन्यात पुण्याला माझ्या थोरल्या भावाची, दादांची, अँजिओप्लास्टी झाली होती. हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी चोंदली होती. डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेली, नळीच्या टोकाचा फुगा अडथळ्याच्या जागी फुगवला आणि वाट मोकळी केली. तिसऱ्या दिवशी दादा घरी आले. छाती न चिरता हृदयाचे दुखणे बरे झाले, याचेच गावाला केवढे अप्रूप होते!

त्यानंतरचे पाच महिने वहिनींनी घराची चव बदलून टाकली. आमटीवरचा तेलाचा तवंग गेला, शेंगदाण्याची चटणी गेली, दुधावरची साय मांजराच्या वाट्याला आली. दादा कुरकुरत, पण मुकाट जेवत. गौरीच्या जेवणाला मात्र वहिनींना राहवले नाही. नैवेद्याच्या ताटातली एक पुरणपोळी त्यांनी दादांना वाढली आणि वर तुपाची धार सोडली. दादांनी ती डोळे मिटून खाल्ली, हे मला अजून दिसते.

आठ दिवसांनी विहिरीवरची मोटर चालू करायला गेलेले दादा छाती धरून बांधावर बसले. पुन्हा पुणे, पुन्हा तपासणी. एप्रिलमध्ये जी धमनी मोकळी केली होती, तीच, त्याच जागी, जवळजवळ पहिल्याइतकी अरुंद झाली होती.

मग घरात न्यायालय भरले. आत्याबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला एवढंही कळू नये?" चुलत्यांनी तुपाचा उल्लेख केला. काहींनी डॉक्टरांनाच लबाड ठरवले. मी कृषी खात्यात कृषी सहायक होतो, घरातला शिकलेला माणूस. माझा शब्द शेवटचा मानला जाई. मीही बोलून गेलो, "वहिनी, एवढं तरी सांभाळायचं होतं." वहिनी काही बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर दादांचे बायपासचे ऑपरेशन झाले आणि पुढे ते तेरा वर्षे चांगले जगले. पण त्या तेरा वर्षांत वहिनींनी त्यांच्या ताटात स्वतःच्या हाताने पुरणपोळी कधी वाढली नाही. सून वाढायची. त्या चुलीपाशीच बसून राहायच्या.

आज हे लिहितो आहे, कारण वहिनींवरचा तो आळ खोटा होता. दादांची धमनी पुरणपोळीने बंद झाली नव्हती. ती बंद झाली होती जखम भरून येण्याच्या, म्हणजे शरीराच्या अगदी चांगल्या सवयीमुळे.

फुग्याने केलेली जखम

हे मला कळायला २०११ साल उजाडले. तेव्हा माझी स्वतःची पाळी आली होती. अँजिओप्लास्टीच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी विचारले, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का? मी दादांची हकिकत सांगितली आणि ओघात पुरणपोळीही सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि माझ्याच रिपोर्टच्या पाकिटावर त्यांनी एक गोल काढला.

हृदयाच्या धमनीची रुंदी असते जेमतेम तीन-चार मिलिमीटर. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतून एका पेशीएवढ्या जाडीचे तलम अस्तर. बाहेरून आधार देणारा जाडसर थर. या दोहोंच्या मध्ये स्नायूंचा थर. हे स्नायू दंडाच्या स्नायूंसारखे आपल्या मर्जीवर चालत नाहीत. शाळेच्या पुस्तकात त्यांना अनैच्छिक स्नायू म्हणतात, डॉक्टर मंडळी स्मूथ मसल म्हणतात. धमनी किंचित आवळणे किंवा सैल सोडणे एवढेच त्यांचे काम. एरवी ते वर्षानुवर्षे स्वस्थ असतात. त्यांची संख्या सहसा वाढत नाही.

आता फुगा आला. स्कूटरच्या चाकातल्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त दाबाने तो फुगवावा लागतो. अडथळा भिंतीत दाबला जातो, पण त्याबरोबर आतले तलम अस्तर सोलून निघते, भिंतीला बारीक चिरा जातात. म्हणजे अँजिओप्लास्टी हा इलाजही आहे आणि ती जखमही आहे. जखम झाली की शरीर धावून येते. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, उघड्या जागेला चिकटतात आणि काही रसायने सोडतात. अशा एका रसायनाने या स्नायूपेशी वाढीला लागतात, हे अमेरिकेतल्या सिएटलच्या रसेल रॉस यांनी १९७४ मध्ये दाखवले होते.

हा निरोप मिळताच मधल्या थरातल्या सुस्त पेशी जाग्या होतात. वाड्याच्या रखवालदाराने काठी टाकून थापी हातात घ्यावी, तसे त्यांचे होते. आवळण्याचे काम सोडून त्या गवंडी बनतात. एकीच्या दोन, दोघींच्या चार होतात, सरकत सरकत आतल्या बाजूला येतात आणि भोवती चिवट लिंपण घालतात. जखम बुजते. पण काम संपले तरी हे गवंडी थांबत नाहीत. लिंपणावर लिंपण चढते आणि तीन ते सहा महिन्यांत धमनीची मोकळी झालेली वाट पुन्हा अरुंद होते. शिवाय ताणलेली भिंत रबरासारखी मागे येते, जखमेची जागा आकसते. दादांच्या बाबतीत हे दोन्ही घडले असणार. एप्रिल ते सप्टेंबर म्हणजे बरोबर पाच महिने.

"तुमच्या वहिनींनी त्या दिवशी पिठलं-भाकरी वाढली असती, तरी धमनी बंद व्हायची होती ती झालीच असती," डॉक्टर म्हणाले.

मी गप्प बसलो. मला पुण्याच्या त्या पहिल्या डॉक्टरांचे शब्द आठवले. दादांना घरी सोडताना त्यांनी सांगितले होते, "दहापैकी तीन-चार जणांत ही परत आवळते, लक्ष ठेवा." आम्ही उरलेले सहा-सात तेवढे ऐकले होते.

बांधावरचा कडुलिंब

रुग्णालयातून घरी आल्यावर मी एकदा शेतावर गेलो. आमच्या बांधावर एक जुना कडुलिंब आहे. वडिलांनी कधीकाळी कुंपणाची काटेरी तार त्याच्या खोडाला खिळे मारून ठोकली होती. आज ती तार बाहेरून दिसत नाही. एका बाजूने खोडात शिरते, दुसऱ्या बाजूने निघते. जिथे सालीला जखम झाली, तिथे झाडाने नवी साल चढवली आणि हळूहळू तार गिळून टाकली. झाडाने तारेशी वैर धरले नव्हते. त्याने फक्त आपली जखम भरली होती.

माझ्या धमनीतही एक तार बसवली होती. तिला स्टेंट म्हणतात. जाळीची बारीक नळीच ती. झुरिच येथे १६ सप्टेंबर १९७७ रोजी अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी पहिल्यांदा मोकळी केली. त्या पहिल्या रुग्णाची धमनी कित्येक वर्षांनी पाहिली तेव्हाही मोकळी होती. सगळ्यांचे नशीब मात्र तसे नव्हते. भिंत मागे येऊ नये म्हणून आत जाळीचा टेकू द्यावा, ही कल्पना १९८६ साली प्रत्यक्षात आली. फ्रान्समधल्या तुलूझला झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिक सिग्वार्ट यांनी असे स्टेंट माणसाच्या हृदयात बसवले. १९९४ मध्ये मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले, की नुसत्या फुग्यापेक्षा स्टेंटने धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण कमी होते.

कमी झाले, पण संपले नाही. टेकूमुळे भिंत आकसणे थांबले. पण कायमची परकी तार आत राहिल्याने स्नायूपेशींना आणखीच चेव आला. त्या जाळीच्या फटींतून आत वाढत. कडुलिंबाने तार गिळावी, तशी धमनी स्टेंट गिळू लागली. साध्या स्टेंटमध्येही शंभरातल्या वीस-तीस जणांवर ही वेळ येई.

मग या पेशींना आवरायचे कसे? ज्या १९७७ साली पहिला फुगा फुगला, त्याच साली क्लोव्ज आणि कार्नोव्स्की यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले होते, की हेपॅरिन या औषधाने दुखावलेल्या धमनीतल्या स्नायूपेशींची वाढ दबते. आशा वाढली, पण माणसात त्याचा उपयोग झाला नाही. मग माशाचे तेल झाले, तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या झाल्या. धमनीच्या आत किरणोत्सर्गाचा शेक देण्यापर्यंत मजल गेली. अडचण अशी, की पोटातून घेतलेले औषध सगळ्या शरीरात पसरते आणि जिथे हवे तिथे पुरेसे पोचत नाही. पुरेसे पोचेल इतके द्यावे, तर बाकीच्या शरीराला सोसत नाही.

मूठभर मातीची गोष्ट

इथून पुढची हकिकत ऐकून माझ्यासारख्या माती खात्यातल्या माणसाचे कान टवकारले. उभी नोकरी मी मातीचे नमुने घेण्यात घालवली. शेताचे भाग पाडायचे, खड्डे घ्यायचे, माती एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचे आणि पिशवीत चिठ्ठी घालून राहुरीला किंवा नगरला प्रयोगशाळेत पाठवायचे. शेतकरी विचारीत, "साहेब, या मातीत काय सापडणार?"

पॅसिफिक महासागरात रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, नावाचे एकाकी बेट आहे. मोठमोठ्या दगडी पुतळ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९६४ साली कॅनडातल्या डॉक्टरांची आणि शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथे गेली. त्यांच्यातल्या नोग्राडी नावाच्या शास्त्रज्ञांना कोडे पडले होते, की अनवाणी फिरणाऱ्या इथल्या लोकांना धनुर्वात कसा होत नाही? त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येकातून मातीचा नमुना घेतला. अगदी आमच्यासारखेच! ती माती पुढे मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब भागातला आणि औषधशास्त्राचे शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठातले. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारे एक द्रव्य वेगळे काढले. बेटाच्या नावावरून त्याचे नाव ठेवले रापामायसिन.

बुरशीचे औषध म्हणून ते पुढे गेले नाही, कारण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजमध्ये, खायच्या पदार्थांच्या शेजारी, जपून ठेवला. काही वर्षांनी कंपनीचे धोरण बदलले आणि काम पुन्हा सुरू झाले. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

हे औषध पेशीला मारत नाही. एकीच्या दोन होण्याआधी पेशी तयारी करते, त्या तयारीतच ते तिला थांबवते. बी पेरावे आणि ओलच मिळू नये, तसे. धमनीतल्या स्नायूपेशींवर ते असेच काम करते, हे १९९५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या अँड्र्यू मार्क्स यांच्या गटाने आणि इतरही काहींनी दाखवले. मग युक्ती सुचली, की औषध पोटात द्यायचेच कशाला? ते स्टेंटच्या तारेवरच लेपावे. जिथे जखम, तिथेच औषध, तेही थेंबथेंब. ठिबक सिंचनच म्हणा ना! पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, पेशी जेव्हा सर्वांत जास्त उसळलेल्या असतात, तेव्हाच बहुतेक औषध झिरपते.

डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात असा स्टेंट माणसाच्या हृदयात पहिल्यांदा बसवला गेला. २००२ मध्ये २३८ रुग्णांच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात सुमारे २६ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या. औषध लावलेल्या गटात एकही नाही. पुढे लाखो रुग्णांत वापर झाल्यावर प्रमाण शून्य राहिले नाही, पण ते बहुतांश शंभरात दहाच्या आत आले. अमेरिकेत एप्रिल २००३ मध्ये या स्टेंटला मान्यता मिळाली. त्याआधी तीनच महिने, जानेवारीत, सेहगल यांचे निधन झाले होते.

आवर घालण्याची किंमत

आता गोष्टीची दुसरी बाजू. जखम भरण्याला आवर घातला, की जखम जास्त दिवस उघडी राहते. रापामायसिनला स्नायूपेशी कोणती आणि अस्तराची पेशी कोणती हे कळत नाही. ते दोघींनाही थांबवते. त्यामुळे स्टेंटच्या तारेवर नवे अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर ती उघडी तार रक्ताच्या वाटेत असते आणि उघड्या तारेवर रक्ताची गुठळी धरू शकते. स्नायूपेशींची वाढ महिनोन्‌महिने, सूचना देत धमनी आवळते. गुठळी मात्र काही मिनिटांत सगळे बंद करते. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत या उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून मोठी खळबळ उडाली होती. त्यानंतर स्टेंट सुधारले. तारा केसाच्या जाडीच्या आसपास बारीक झाल्या, लेप बदलले. धोका कमी झाला, पण गोळ्यांचे महत्त्व राहिलेच.

म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम दुसरी गोळी. जोडगोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालते, काहींना कमी, काहींना जास्त. ते डॉक्टरांनी ठरवायचे. एक गोळी बहुधा पुढेही चालू राहते.

हे सगळे कळूनही मी चुकणार होतो. स्टेंटला चार महिने झाले होते. दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर बंद करा, मग काढू. मला ते पटलेही. छातीत दुखत नव्हते, चालताना दम लागत नव्हता, आठवडाभराने काय होणार? बायकोने हट्ट धरला म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. फोनवर त्यांचा आवाज चढला, "काका, छाती दुखत नाही ती या गोळ्यांमुळे. मला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही!" दाढ गोळ्या चालू ठेवूनच काढली. रक्त जरा जास्त वेळ वाहिले, कापूस दाबून धरला, थांबले. एवढ्यावरच भागले.

आमच्याकडे बरे वाटले की गोळी बंद करायची रीत आहे. तापाच्या गोळीला ती चालते. इथे ती जिवावर बेतते. आपल्या घरात कुणाच्या हृदयात स्टेंट असेल, तर गोळ्यांचे पाकीट कधी संपते हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावे, एवढे तरी कराच.

२०११ मध्ये माझ्या स्टेंटला सव्वा लाखाच्या घरात पैसे मोजले. सोसायटीचे कर्ज काढले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध दर प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९ हजार ६०० रुपये ठरवली आणि साध्या स्टेंटची ७ हजार २६० रुपये. पुढे या आकड्यांत थोडाफार बदल होत राहिला, पण लाखाची भाषा संपली. आता सुरत आणि वापीला भारतीय कंपन्या असे स्टेंट बनवतात. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तोंडी अजून नगरच आहे. त्या नगरमध्ये, शिर्डीत, लोणीला हृदयाच्या धमन्यांवरचे उपचार होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते. दादांना ट्रॅक्स गाडीच्या मागच्या बाकावर झोपवून पुणे गाठताना आम्ही सगळे देव बोललो होतो. ती पाळी आता बऱ्याच जणांवर येत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. धमनीत पहिल्यांदा अडथळा का झाला, याचे उत्तर वेगळे आहे. तिथे तंबाखू आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, वर्षानुवर्षांचे खाणे आहे, आनुवंशिकता आहे. मधुमेह असेल तर धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोकाही वाढतो. पथ्याला सुट्टी नाही. पण फुग्यानंतर पाच महिन्यांत तीच जागा बंद झाली, तर स्वयंपाकघरात गुन्हेगार शोधत बसू नये आणि डॉक्टरांनी फसवले असेही लगेच म्हणू नये. रुग्णाला वेळेवर पुन्हा दाखवावे. दादांच्या त्या आठवड्यातले दोन दिवस आम्ही तूप कुणी वाढले या भांडणात घालवले होते.

२०११ च्या दिवाळीत मी वस्तीवर गेलो. दादा जाऊन दोन वर्षे झाली होती. वहिनी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि डॉक्टरांनी पाकिटावर काढलेला तो गोल काढून दाखवला. अस्तर, स्नायू, फुगा, जखम, सगळे जमेल तसे सांगितले. कडुलिंबातली तार त्यांना लगेच समजली. शेवटी म्हणालो, "वहिनी, तुमची काही चूक नव्हती. मी तेव्हा बोललो ते बोलायला नको होतं."

लसूण सोलणारा हात थांबला. बराच वेळ त्या बांधाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं, तर दर सणाला त्यांना एक तरी वाढली असती."

एवढे बोलून त्या पुन्हा लसूण सोलू लागल्या. पुढच्या गौरीला त्यांनी मला आवर्जून जेवायला बोलावले. स्वतःच्या हाताने एक पुरणपोळी वाढली. तूप चमचाभरच घातले आणि विचारले, "गोळी घेतली का?"